आत्याबाईंची दोन नाकं

साल दोन हजार दोन. माझं वय सत्तेचाळीस, गुडघे शाबूत, आणि नाक असं की अख्ख्या गल्लीत त्याचा वचक. दूध उतू जाणार हे मला जिन्यातच कळायचं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोणी भिंती रंगवायला घेतल्या, की रंग तेलाचा आहे की पाण्याचा हे मी आमच्या ओट्यापाशी उभी राहून सांगायचे. धाकटी लेक एकदा मैत्रिणीबरोबर सिगारेटचा अर्धा झुरका घेऊन, वर तीन पेपरमिंट चघळून घरी आली, तर दाराची कडी काढता काढता मी विचारलं, "दुसरी कोण होती?" पोरीने तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

त्या वर्षी ह्याच नाकाने मला असं काही तोंडघशी पाडलं की मी आजवर ते कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? ज्यांना सांगावं ते सगळे तिथे हजरच होते.

आमचा धंदा माशांच्या काचपेट्यांचा. खाली वर्कशॉप, वर घर. आमचे हे काचा कापायचे आणि जोडायचे. मी ऑर्डरी घ्यायचे, फोन उचलायचे आणि सगळ्यांवर नजर ठेवायचे. हे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली चार काचेशी.

काचा जोडायची सिलिकॉनची पेस्ट कपाटभर असायची. मी तिला घरातही कामाला लावलं होतं. नळाची गळती, सासूबाईंच्या चष्म्याची दांडी, लेकींच्या चपलांचे तळ, कपांचे कान, सगळं त्या नळीवर चालायचं. हे कपाट उघडून म्हणायचे, "काल इथे तीन नळ्या होत्या."

मी म्हणायचे, "नीट मोजत चला."

पेट्या पोचवायला एक ट्रक होता, दुसऱ्याकडून घेतलेला. पेट्रोलवर चालणारा, कारण डिझेलच्या थरथरीने काचेच्या कडा टवकतात असं ह्यांचं ठाम मत. सहा सिलिंडर, तीन इकडे, तीन तिकडे. चढ लागला की तो असा कण्हायचा की गॅरेजच्या मिस्त्रींनी त्याचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. घरात मात्र आम्ही ते नाव चुकूनही घेत नसू. कारण घरात खऱ्या आत्याबाई होत्या. माझी थोरली नणंद. माझ्या लेकी तिला आत्याबाई म्हणायच्या, त्यांचं ऐकून सासूबाईही स्वतःच्या मुलीला आत्याबाईच म्हणायच्या. मी वन्सं म्हणायचे. वन्संच्या कानावर जर गेलं असतं की आपल्या नावाचा एक ट्रक आहे आणि तो चढावर कण्हतो, तर माझं काही खरं नव्हतं.

आणि तो ट्रक चालवायचे कोण? वन्संचे यजमान. ते नोकरीला होते तो बटणांचा कारखाना बंद पडला, तेव्हा ह्यांनी त्यांना बोलावून घेतलं. आता घरचा जावईच गाडीवर, म्हणजे काम सांगायचं आणि वर मानही द्यायचा. सगळी गल्ली त्यांना जावईबापू म्हणायची. स्वभाव गरीब. सीटवर वन्संनी शिवलेली निळी उशी ठेवून बसायचे, आणि खड्डा दिसला की ट्रक असा उतरवायचे, जसं कोणी झोपलेलं बाळ खाली ठेवतंय. चार वर्षांत त्यांच्या हातून एका काचेला चरा गेला नव्हता.

तर त्या वर्षाच्या सुरुवातीला ट्रकच्या इंजिनातून तेल गळायला लागलं. अंगणातल्या फरशीवर रोज बशीएवढा काळा डाग. मी घासायचे, तो पुन्हा उमटायचा. मिस्त्री म्हणाले, "इंजिनाच्या वरच्या दोन्ही झाकणांचं पॅकिंग गेलंय, मागवतो." दोन महिने ते मागवतच होते. एका दुपारी माझं डोकं फिरलं. पाना घेतला, बॉनेट उघडलं, झाकणांचे बोल्ट सैल केले आणि दोन्हीकडच्या फटीत पेस्टची अख्खी नळी रिकामी केली. ती पुरली नाही, म्हणून दुसरी. बोटाने कडा सारख्या केल्या, बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी फरशी कोरी करकरीत. ज्या पेस्टमधून पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, तिच्यातून तेलाची काय बिशाद! मिस्त्रींना बोलले नाही, उगाच त्यांना कमीपणा नको. ह्यांनाही बोलले नाही, कारण नळ्या दोन गेल्या होत्या.

संध्याकाळी जावईबापू विचारत आले, "वहिनी, गाडीत कसला तरी आंबट वास येतोय. तुमच्या नाकाला कळेल, जरा बघता का?"

वास कसला ते मला न बघताच ठाऊक होतं. ती पेस्ट ओली असताना आंबूस मारते. पण सांगते कशी?

"मोजे धुवून बघा, जावईबापू," मी म्हटलं.

ते बिचारे खाली मान घालून घरी गेले.

आणि तिथून पुढे दोन महिन्यांत पेट्रोल कमी पडायला लागलं. पूर्वी एका टाकीत ट्रक साडेचारशे किलोमीटर सहज जायचा. तो साडेतीनशेवर आला. मग तीनशे. मग अडीचशे. मला स्वस्थ बसवेना. भाजी निवडायला बसले की उठून ट्रकपाशी जायचे, टाकीवर टिचक्या मारायचे, पुन्हा वर यायचे, पुन्हा खाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जिना झिजेल." रस्ता तोच, पेट्या त्याच, माणूस तोच. मग पेट्रोल जातंय कुठे?

माणूस तोच, ह्या शब्दापाशी माझं मन अडखळलं आणि तिथून हलेचना.

जावईबापू कामाचा सदरा वर्कशॉपमधल्या खिळ्याला टांगून घरी जायचे. एके दिवशी सगळे जेवायला वर गेल्यावर मी तो सदरा हुंगला. पेट्रोल. अगदी स्वच्छ, खणखणीत पेट्रोल. मग ट्रकची सीट पुढे ओढली. मागे काय, तर पाच फुटी रबरी नळी. टाकीतून पेट्रोल ओढून काढायला लागते अगदी तश्शी. मी नळीचं तोंड हुंगलं. शेवाळं आणि मासे. कोणीही म्हटलं असतं की पेटीतलं पाणी काढायची नळी आहे, आपला धंदाच तो. पण मी कोणीही नव्हते. मी मनात म्हटलं, वा रे वा, वास लपवायला माशांच्या पाण्यातून बुचकळून काढतात.

मग पुरावा हवा म्हणून मी माझा एक केस उपटला आणि पेट्रोलच्या झाकणावर आडवा चिकटवला. कशाने ते सांगायला नकोच. झाकण उघडलं तर केस तुटणार. संध्याकाळी पाहिलं तर केस गायब. वारा होता, पाऊस पडून गेला होता, ट्रक ऐंशी किलोमीटर फिरून आला होता, ह्यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटी मी स्वतः ट्रकमध्ये बसले. "जरा हवा खायला येते," म्हटलं. जावईबापूंनी निळी उशी काढून मला दिली आणि स्वतः नुसत्या सीटवर बसले. दवाखान्याच्या दारातली पेटी पोचवायची होती, जाऊन येऊन साठ किलोमीटर. सगळ्या वाटेत माझी नजर पेट्रोलच्या काट्यावर. ते कुठे थांबले नाहीत, कुठे उतरले नाहीत. आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली, खाली, खाली.

आता एखाद्या शहाण्या बाईला इथेच कळलं असतं. मला काय वाटलं? एका पुलावर मी दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं होतं, तेवढ्यात जावईबापूंनी डाव साधला.

त्या दुपारी मी वर्कशॉपमध्ये गेले. हे काच कापत होते.

"अहो, पेट्रोल जातंय."

"हं."

"कुठे जातंय?"

"इंजिनात."

"सगळं नाही जात. मला जावईबापूंचं लक्षण ठीक दिसत नाही."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या हातून काच वाकडी कापली गेली. त्यांनी ती बाजूला ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"माणसावर बोट ठेवायच्या आधी मशीन तपासतात," ते म्हणाले. "उद्या गाडी मिस्त्रींकडे नेतो. गाडीत काही निघालं नाही, तर मी स्वतः त्यांना विचारीन. मी विचारलं की ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. आणि ताई पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाही. कळतंय ना काय बोलतेयस ते?"

सकाळची धरून त्यांची त्या दिवसाची बारा वाक्यं झाली. मी मुकाट्याने वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ट्रक घेऊन गॅरेजवर गेले. जावईबापू गाडी सोडून आपल्या घरी परतले, हे तिथेच थांबले. मी घरात येरझारा घालत होते. कपडे गच्चीवर वाळत घातले, वाळायच्या आत काढून आणले, पुन्हा नेऊन घातले. आणि मी गच्चीवर असतानाच नेमका खाली फोन वाजला. सासूबाईंनी उचलला.

मिस्त्री इंजिनांच्या आवाजात आयुष्य काढून अर्धे बहिरे झालेले. फोनवर ते बोलत नसत, गर्जत असत. आणि ट्रकमधल्या प्रत्येक भागाला त्यांचं स्वतःचं नाव होतं. पेट्रोलचा पंप म्हणजे काळीज, कॉम्प्युटर म्हणजे मेंदू. धुराच्या नळीत बसवलेले ऑक्सिजन सेन्सर, जे धूर हुंगून मेंदूला कळवतात की पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, त्यांना ते नाक म्हणायचे.

मी खाली आले तेव्हा सासूबाई फोनशेजारच्या खुर्चीत पांढऱ्याफटक बसल्या होत्या.

"काय झालं?"

"मिस्त्रींचा फोन होता," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंची दोन्ही नाकं गेली म्हणाले."

"अगं बाई."

"वास समजत नाही म्हणाले. त्यामुळे किती पितेय त्याची तिला शुद्धच नाही. दिवसभर नुसती ढोसतेय आणि काळं ओकतेय. आणि म्हणाले, घरातल्याच कोणीतरी हे केलंय, वहिनींना विचारा." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी लगेच तिला फोन केला."

"काय बोललात?"

"आई म्हणून जे विचारायचं ते विचारलं. म्हटलं, कधीपासून पितेस?"

मी त्यांना समजावून सांगणार तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वन्संचं घर दोन गल्ल्या पलीकडे, एरवी त्यांना यायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी तीन लागली असतील. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात जावईबापूंची. मागून जावईबापू एका पायाने अनवाणी.

"वहिनी," वन्सं दारातच उभ्या राहिल्या, "मी दारू पिते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वन्सं, अहो, तो ट्रक..."

"ट्रकभर पिते?"

"तसं नाही. ट्रकचं नाव..."

"आईला सांगितलंत ते सांगितलंत, गॅरेजच्या मिस्त्रींनाही? माझ्या नाकाला काय झालंय? हे बघा. आहे ना जागेवर?"

सासूबाई उठून खरोखरच जवळून बघायला लागल्या. "सुजलंय थोडं," म्हणाल्या.

"आई!"

"वन्सं, ऐकून तर घ्या," मी म्हटलं. सकाळपासून माझ्या जिवाची नुसती तगमग चाललेली, त्यात ही भर. तोंडातून भलतंच गेलं. "तुम्ही पिताय असं कोण म्हणतंय? इथे प्रश्न पेट्रोलचा आहे. ते कोण पळवतंय हे आधी घरात विचारा."

वन्संचा नाक दाखवणारा हात खाली आला.

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणून काल तुम्ही हवा खायला आला होतात होय," ते म्हणाले.

मी टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"माझी उशी गाडीत आहे," ते म्हणाले. "तेवढी घेतो आणि निघतो. साहेबांना सांगा, दुसरा माणूस बघा." आपल्या मेहुण्याला चार वर्षांत ते पहिल्यांदाच साहेब म्हणाले. ते ऐकून वन्संनी माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मला अजून टोचते.

ते जिना उतरले. मागे वन्सं. त्यांच्या मागे मी, "अहो थांबा, अहो ऐका" करत. आणि माझ्या मागे काठी टेकत सासूबाई, कारण आत्याबाईंचं नाक वाचेल की नाही हे त्यांना मिस्त्रींच्या तोंडून ऐकायचं होतं. गॅरेज पंधरा मिनिटांवर, उताराच्या टोकाला. एका ओळीत चौघं, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि पुढच्या दोघांच्या पायात मिळून तीन चपला. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते.

गॅरेजमध्ये ट्रक बॉनेट उघडून उभा. हे बाजूच्या टायरवर बसलेले. मिस्त्री हातात मीटर घेऊन वाकलेले. आम्हाला बघून खूश झाले.

"या या. सगळेच आलात? बरं झालं. आत्याबाईंची अवस्था बघा."

वन्सं पुढे झाल्या. "मी काय केलंय हो तुमचं?"

"काय?" मिस्त्रींनी कान पुढे केला.

"मी! मी आत्याबाई!"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे टायरवरून उठले आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "ताई, ह्या ट्रकचं नाव आत्याबाई आहे. तुझ्यावरून नाही. चढावर कण्हतो म्हणून."

"म्हणजे ही पीत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"ट्रक पितो, आई."

"तेच विचारतेय. आमची नाही ना पीत?"

वन्संना हसावं की रडावं कळेना. पण जावईबापू तिथे थांबलेच नव्हते. ते ट्रकचं दार उघडून निळी उशी काढत होते. गाडीत दोष निघाला काय नि न निघाला काय, ती उशी एकदा गेली की पुन्हा यायची नाही.

"मिस्त्री," मी ओरडले, "नीट सांगा. पेट्रोल कोणी चोरतंय का?"

"चोरतंय? छे. थेंब न् थेंब इंजिनातच जळतोय. हे बघा." त्यांनी मीटरची वायर एका नाकाला जोडली. इंजिन चालू होतं. मीटरवर शून्य दशांश एक. पुन्हा एक. पुन्हा एक. "नाक जागं असलं तर हा आकडा सारखा नाचतो. पॉइंट एक, पॉइंट नऊ, पुन्हा एक. हा झोपलाय. आता मी हवा बंद करतो." त्यांनी हवा आत घ्यायच्या नळीवर फडकं दाबलं. इंजिन घुसमटलं, मागून काळा धूर आला. "एवढा पेट्रोलचा भडिमार झाल्यावर आकडा उडी मारून नऊवर जायला हवा. गेला? नाही गेला. मेंदूला वाटतंय गाडी उपाशी आहे, म्हणून तो अजून ओततोय, अजून ओततोय. सदऱ्याला, सीटला, सगळ्याला पेट्रोलचा वास येईल नाहीतर काय?"

सगळ्याला. मी त्या सदऱ्याची आठवण गिळून टाकली.

जावईबापू उशी काखेत धरून ऐकत उभे होते. हे मला म्हणाले, "झालं?"

झालं होतं. त्या क्षणी मी गप्प बसले असते, हात जोडून माफी मागितली असती, तर ही गोष्ट इथे संपली असती आणि माझी थोडीफार अब्रू वाचली असती. पण मिस्त्री पुढे बोलले.

"मला कोडं हेच पडलंय. एक नाक गेलं तर म्हणू वय झालं. दोन्ही एकदम गेली म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं असणार. विषबाधा आहे ही. म्हणून तर घरी फोन केला."

"विषबाधा?" मला एकदम जोर आला. म्हणजे गुन्हेगार होताच तर. माझं नाक अगदीच चुकलं नव्हतं. "कोणी केली? शोधून काढा, मिस्त्री. आत्ताच्या आत्ता. सगळे आहेत इथे."

"जाऊ दे ना आता," हे म्हणाले.

"का म्हणून जाऊ दे? ज्याने केलंय त्याने सगळ्यांसमोर कबूल करावं."

मिस्त्रींनी पाना लावून एक नाक बाहेर काढलं. बोटाएवढी वस्तू, टोकाला काजळी. त्यांनी नखाने काजळी खरवडली. खाली पांढरं. काचेसारखं चकचकीत, पांढरं.

"सिलिकॉन," मिस्त्री म्हणाले. "कोणीतरी इंजिनात चिकटवायची पेस्ट घातलीय. इंजिन पोटातली वाफ पुन्हा ओढून जाळतं. त्या पेस्टची वाफ जळाली की तिचा हा असा थर होतो आणि नाकावर बसतो." ते इंजिनावर वाकले, टॉर्च मारला. "ही काय. झाकणाच्या कडेला. दोन्ही बाजूंना. नळ्याच्या नळ्या ओतल्यात."

हे पुढे झाले. त्यांनी वाकून ती कड पाहिली. त्यावरून बोट फिरवलं. माशांच्या पेटीचा कोपरा तपासतात तसं. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"कड सुरेख ओढलीय."

मी छताकडे पाहिलं. तिथे एक पंखा होता.

"वहिनी," जावईबापू म्हणाले, "त्या दिवशी मी विचारलं होतं. गाडीत आंबट वास कसला येतोय म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात मोजे धुवा."

"हो."

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "ह्यांनी तेव्हापासून रोज मोजे धुतलेत. सहा महिने. दोरीवर दुसरं काही वाळत घालायला जागा नाही."

आयुष्यात मी पुष्कळ वेळा बरोबर होते. त्यातली एकही वेळ त्या घडीला उपयोगी पडली नाही. मी जावईबापूंसमोर गेले. घरच्या जावयासमोर कसं उभं राहायचं हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. त्याच्या काखेतली उशी कशी परत मागायची, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"पेस्ट मी लावली," मी म्हटलं. "वासही मला तेव्हाच कळला होता, मी तुमच्यावर ढकललं. नंतर चोरीही तुमच्यावरच ढकलली. तुमचा सदरा हुंगला, नळी हुंगली, झाकणाला केस लावला."

"तो केस तुमचा होता?" ते म्हणाले. "मला वाटलं मांजर बसतं टाकीवर. मी पुसून टाकला."

"उशी परत ठेवा, जावईबापू. मी हात जोडते."

त्यांनी उशी ह्या काखेतून त्या काखेत घेतली. मिस्त्रींच्या फळीवर एक नवं नाक पडलेलं होतं, अवघडल्यासारखं वाटून मिस्त्रींनी तेवढ्यात ते बसवून टाकलं. मीटर जोडला. आकडा नाचायला लागला. एक, नऊ, दोन, आठ. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत उभे होतो, काळजाचे ठोके बघावेत तसे.

जावईबापूंनी दार उघडलं. उशी सीटवर ठेवली. तिच्यावर एकदा हात फिरवला. मग माझ्यासाठी दुसरीकडचं दार उघडून धरलं.

"दुसरं नाक बसेपर्यंत गाडी इथेच राहील," ते म्हणाले. "त्यानंतर पहिली फेरी तुमच्याबरोबर. पण खिडकीबाहेर बघू नका, वहिनी. पेट्रोल जातं."

आधी वन्सं हसल्या. मग मिस्त्री, ज्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, सगळ्यांत मोठ्याने.

पुढे ट्रक नऊ वर्षं चालला. टाकीला साडेचारशे, कधी पावणेपाचशे. मग एका रोपवाटिकेवाल्याने तो नेला. तिकडे नावही बदललं असेल, चढ मात्र तसेच असणार.

मिस्त्रींचे दोन्ही कान कालांतराने गेले. गॅरेज पुतण्याकडे दिलं, पण खराब झालेली ती दोन नाकं त्यांनी शेवटपर्यंत बरणीत जपून ठेवली होती. नवीन गिऱ्हाईक आलं की बरणी दाखवायचे. नाव सांगायचे नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा.

सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. ट्रकचं प्रकरण त्यांना सतरा वेळा समजावलं, त्या सतरा वेळा समजलं म्हणाल्या. पण वन्सं चहा प्यायला बसल्या की सासूबाई आधी त्यांचा कप उचलून हळूच हुंगायच्या. वन्संनीही शेवटी शेवटी कप आधी आईपुढे धरायची सवय लावून घेतली होती.

हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या कपाटात पेस्टच्या नळ्या मिळाल्या, प्रत्येकीवर पेनाने आकडा घातलेला. त्या दिवसानंतर ते खरोखरच नीट मोजायला लागले होते.

जावईबापू सत्त्याहत्तर वर्षांपर्यंत गाडी चालवत होते. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. निळी उशी आरामखुर्चीवर गेली. वन्सं आणि मी रोज सकाळी फोनवर बोलतो. एकमेकींचं काय दुखतंय ते सांगून झालं की बोलायला दुसरं काही राहिलेलं नसतं, तरी फोन ठेवत नाही.

आणि माझं नाक? गेल्या महिन्यात सर्दी झाली, ती गेली आणि जाताना नाकाला बरोबर घेऊन गेली. आता मला कशाचाच वास येत नाही. दूध दोनदा उतू गेलं. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. हे मी काल वन्संना सांगितलं, तर पलीकडून जावईबापूंनी फोन हातात घेतला.

"वहिनी, दोन्ही नाकपुड्या एकदम?"

"एकदम."

"मग वय नाही ते," ते म्हणाले. "कोणीतरी काहीतरी केलेलं असणार."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. बेसिनभोवती मी सकाळीच नवीन पेस्ट लावली होती. अजून ओली होती. घरभर आंबूस वास सुटला असणार. मला काय कळतंय.